सांध्याच्या अस्तरापासून उंदरापर्यंत आणि उंदरापासून रुग्णापर्यंत : टीएनएफ-विरोधी उपचाराचे एक प्रकरण

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या दाहक संधिवाताच्या संशोधनात प्राण्यांवरील प्रारूपांचा (माणसाच्या आजारासारखा आजार प्राण्यात घडवून केलेल्या प्रयोगांचा) उपयोग कसा करावा, याची चर्चा बहुतेक वेळा तत्त्वांच्या पातळीवर राहते. येथे एकच प्रकरण घेतले आहे : लंडनमधील केनेडी इन्स्टिट्यूट आणि चेरिंग क्रॉस रुग्णालय येथे 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 1990 च्या दशकापर्यंत झालेले काम. याच कामातून टीएनएफ हे दाह भडकवणारे प्रथिन अडवणारा, संधिवातावरील पहिला यशस्वी जैविक उपचार (सजीव पेशींकडून बनवून घेतलेल्या प्रथिनाचे औषध) उभा राहिला. संशोधकांची नावे सार्वजनिक नोंदीत आहेत, म्हणून ती दिली आहेत. रुग्णांची ओळख देणारा कोणताही तपशील येथे नाही. या कामाचे यश सर्वांना ठाऊक आहे. माझा भर त्या यशाआधी कोणकोणत्या वळणांवर निवड करावी लागली आणि उंदराला कोणता प्रश्न विचारलाच गेला नाही, यावर आहे.

पार्श्वभूमी

हा आजार शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीतून उद्भवतो. सांध्याच्या आतले पातळ अस्तर सुजते, जाड होते, त्यात पांढऱ्या पेशींची गर्दी होते आणि ते अस्तर हळूहळू शेजारच्या कूर्चेवर व हाडावर चढून त्यांना कुरतडू लागते. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा सुमारे दोन ते तीन पट अधिक आढळतो. 1980 च्या दशकात डॉक्टरांच्या हाती वेदनाशामके, स्टेरॉइड, सोन्याचे क्षार, सल्फासॅलाझिन आणि नुकतेच रुळू लागलेले मेथोट्रेक्सेट यांसारख्या मोजक्या औषधांचाच साठा होता. अनेक रुग्णांचे सांधे हे सर्व घेऊनही झिजत राहत.

याच काळात साइटोकाइन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पेशींनी एकमेकींना संदेश देण्यासाठी सोडलेल्या प्रथिनांचे ज्ञान झपाट्याने वाढत होते. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजे टीएनएफ, याचे जनुक 1984 मध्ये वेगळे करण्यात आले. रुग्णांच्या सांध्यांत टीएनएफ, इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-6 आणि इतर कितीतरी साइटोकाइन एकाच वेळी सापडत होती, आणि अडचण नेमकी हीच होती. इतके संदेशवाहक एकाच वेळी काम करत असतील, त्यांची कामे एकमेकांत मिसळत असतील, तर त्यांपैकी एकच अडवून काय साधणार, असे त्या वेळी बहुसंख्य तज्ज्ञांना वाटत होते आणि तो संशय वाजवीही होता.

मूळ प्रश्न

मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी या दोघांचा गट या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने वळला. (मैनी यांचा जन्म पंजाबातील लुधियानाचा, पुढे त्यांची सारी वैद्यकीय कारकीर्द इंग्लंडमध्ये घडली.) त्यांनी सुरुवात प्राण्यापासून केली नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णांच्या सांध्यांतून काढलेले अस्तर त्यांनी प्रयोगशाळेत आणले, त्यातील सर्व प्रकारच्या पेशी एकत्रच वाढवल्या आणि बाहेरून कोणतेही उद्दीपन न देता त्या पेशी स्वतःहून कोणती साइटोकाइन सोडत राहतात, ते पाहिले. त्यानंतर या मिश्र पेशींवर टीएनएफला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक लक्ष्याला चिकटणारे प्रथिन) घातले. फिओन्युला ब्रेनन आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या कामात असे दिसले की केवळ टीएनएफ अडवल्याने इंटरल्यूकिन-1 चेही उत्पादन घटते; टीएनएफच्या जवळच्या नात्यातील लिम्फोटॉक्सिन अडवून मात्र तसे घडत नाही. पुढच्या कामात इतर काही दाहकारक साइटोकाइनही त्याच मार्गाने कमी होताना दिसली.

याचा अर्थ असा होता की ही साइटोकाइन एका पातळीवर शेजारी शेजारी बसलेली नाहीत. त्यांच्यात वरून खाली जाणारी साखळी आहे आणि टीएनएफ त्या साखळीत बरेच वर आहे. परंतु काचेच्या थाळीतील पेशी चालत नाहीत, त्यांना रक्तपुरवठा नसतो, त्यांच्या शेजारी हाड नसते. थाळीत इंटरल्यूकिन-1 कमी झाले म्हणून जिवंत सांध्यातील सूज उतरेल आणि हाडाची झीज थांबेल, असे म्हणता येत नव्हते. प्राण्याची गरज येथे निर्माण झाली, आणि ती एका नेमक्या प्रश्नासाठी निर्माण झाली : संपूर्ण जिवंत सांध्यात, आजार सुरू झाल्यावर, एकट्या टीएनएफला अडवून सूज आणि झीज कमी होते का?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सर्वांत जुना आणि स्वस्त होता. मृत क्षयजंतू तेलात मिसळून तयार केलेले, प्रतिकारशक्तीला चेतवणारे संपूर्ण फ्रॉइंड अ‍ॅडज्युव्हंट रॅटला (आकाराने मोठ्या उंदराला) टोचले की साधारण दोन आठवड्यांच्या आत त्याचे पाय सुजतात, हे 1950 च्या दशकापासून माहीत होते. वेदनाशामक औषधे पारखण्यासाठी हे प्रारूप जगभर वापरले गेले. आपल्याकडील औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतही वनस्पतींच्या अर्कांची दाहशामक क्षमता तपासण्यासाठी ते आजही वापरले जाते. परंतु या प्रारूपात दाह अत्यंत तीव्र असतो, हाडाच्या बाहेरील आवरणावर नवे हाड चढते, आणि त्यात परिणाम दाखवणाऱ्या कितीतरी औषधांचा माणसाच्या आजारावर फारसा उपयोग झालेला नाही. सूज उतरवणे वेगळे आणि आजाराची वाटचाल बदलणे वेगळे. हे प्रारूप त्या दोहोंत नीट फरक करू देत नाही.

दुसरा पर्याय कोलॅजेनमुळे होणाऱ्या संधिवाताचा होता. सांध्याच्या कूर्चेत मुख्यत्वे आढळणारे दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन टोचून रॅटमध्ये संधिवात निर्माण करता येतो, हे 1977 मध्ये ट्रेंथम आणि सहकाऱ्यांनी दाखवले. 1980 मध्ये ते उंदरातही साध्य झाले. डीबीए/1 या वंशाचे उंदीर या आजाराला विशेष बळी पडतात, कारण त्यांच्या ऊतिसुसंगती जनुकांचा (प्रतिकारशक्तीला आपले-परके ओळखण्यास मदत करणाऱ्या जनुकांचा) प्रकार त्याला अनुकूल असतो. माणसातही ठरावीक एचएलए जनुके (माणसातील ऊतिसुसंगती जनुके) असणाऱ्यांना हा आजार होण्याची शक्यता अधिक असते, म्हणून हे साम्य महत्त्वाचे मानले गेले. कोलॅजेन अ‍ॅडज्युव्हंटमध्ये घोटून शेपटीच्या मुळाशी टोचल्यावर काही आठवड्यांनी पंजे सुजू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली अस्तर जाड झालेले, कूर्चा कुरतडलेली आणि हाड झिजलेले दिसते. दोषही होतेच. सर्व उंदरांना आजार एकाच दिवशी होत नाही, काहींना होतच नाही, आणि बऱ्याच उंदरांत तो काही आठवड्यांनी आपोआप शमतो. माणसात वर्षानुवर्षे चालणारा चढउतार येथे दिसत नाही. शिवाय या वंशात नर उंदीर अधिक खात्रीने आजारी पडतात म्हणून बहुधा नरच वापरले जातात, तर माणसातील रुग्णांत बहुसंख्य स्त्रिया असतात.

तिसरा पर्याय अगदी नवा होता. अथेन्समधील हेलेनिक पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जॉर्ज कोलियास यांच्या गटाने मानवी टीएनएफचे जनुक उंदरात घातले, आणि 1991 मध्ये दाखवले की अशा उंदरांना कोणतेही कोलॅजेन न टोचता आपोआप अनेक सांध्यांचा संधिवात होतो व मानवी टीएनएफविरुद्धचे प्रतिपिंड दिल्यास तो होत नाही. टीएनएफचा अतिरेक एकटाच संधिवात घडवू शकतो, ही फार मोलाची गोष्ट त्यातून सिद्ध झाली. मात्र ज्या उंदराचा आजार मुळात टीएनएफनेच घडवलेला आहे, तो टीएनएफ अडवल्यावर बरा होणार, हे उत्तर त्याच्या रचनेतच होते. इतर अनेक कारणांनी सुरू झालेल्या आजारात टीएनएफचा वाटा किती, हे या उंदराला विचारून कळणार नव्हते.

चौथा पर्याय म्हणजे उंदराला वगळून थेट रुग्णाकडे जाणे. हा पर्याय वाटतो तितका उतावळा नव्हता. सेंटोकोर या अमेरिकी कंपनीकडे टीएनएफविरुद्धचा संकरित (काही भाग उंदराचा, काही माणसाचा असलेला) प्रतिपिंड, ज्याला पुढे इन्फ्लिक्सिमॅब हे नाव मिळाले, तयार होता आणि जंतुसंसर्गातून होणाऱ्या सेप्सिससाठी तो माणसांवर तपासला जात होता. परंतु सेप्सिसच्याच अनुभवात एक इशारा होता. 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जिवाणू टोचण्याच्या दोन तास आधी टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिलेली बबून माकडे वाचली होती. रुग्णालयात येणारा सेप्सिसचा रुग्ण मात्र संसर्ग पसरल्यानंतर येतो, आणि तेथे या उपचाराला अपेक्षित यश मिळाले नाही.

निर्णय आणि कृती

रिचर्ड विल्यम्स, फेल्डमन आणि मैनी यांनी कोलॅजेनचे प्रारूप आणि डीबीए/1 उंदीर निवडले. माझ्या मते प्रारूपाच्या निवडीइतकाच, किंबहुना त्याहून मोठा, निर्णय त्यानंतरचा होता : औषध कधी द्यायचे. आजार होण्याआधी औषध देणे प्रयोगशाळेसाठी सोयीचे असते. सर्व उंदीर एकाच दिवशी सुरू करता येतात, आकडे एकसारखे येतात, फरकही ठळक दिसतो. परंतु संधिवाताचा रुग्ण दवाखान्यात येतो तो सांधे सुजल्यानंतर. म्हणून या गटाने दोन्ही प्रकारे प्रयोग केला. एकात प्रतिपिंड आजार दिसण्याआधी दिला, दुसऱ्यात प्रत्येक उंदराचा पंजा सुजलेला दिसल्यावर. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक उंदराचा पहिला दिवस वेगळा असतो, तुलना क्लिष्ट होते आणि निरीक्षणाचे कष्ट वाढतात.

आणखी एक अडचण होती. इन्फ्लिक्सिमॅब मानवी टीएनएफला धरतो, उंदराच्या टीएनएफला नाही. माणसाला द्यायचे औषधच उंदराला देऊन पाहणे शक्य नव्हते. म्हणून उंदराच्या टीएनएफला धरणारा, हॅमस्टरपासून मिळवलेला प्रतिपिंड वापरला गेला. तुलनेच्या गटाला केवळ क्षारद्रव देऊन भागवले नाही. टीएनएफशी संबंध नसलेला पण त्याच हॅमस्टर जातीचा प्रतिपिंड त्यांना दिला. परका प्रतिपिंड टोचला गेल्यानेच काही परिणाम होत असेल, तर तो अशा तुलनेतच उघडा पडतो. पंजांची जाडी मोजणे, बाहेरून दिसणाऱ्या लक्षणांना गुण देणे आणि सांध्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, अशा तिन्ही मोजमापांचा आधार घेतला गेला.

1992 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष वाचण्यासारखे आहेत, कारण ते सरसकट यशाचे नाहीत. आजाराआधी प्रतिपिंड दिलेल्या उंदरांत पंजांची सूज आणि सांध्यांची हानी लक्षणीयरीत्या कमी झाली. परंतु आजार होणाऱ्या उंदरांचे प्रमाण घटले नाही, आणि त्यांच्या रक्तातील कोलॅजेनविरोधी प्रतिपिंडांची पातळीही खाली आली नाही. आजार सुरू झाल्यानंतर प्रतिपिंड दिला तरी लक्षणांचे गुण, सूज आणि हानी कमी झाली. म्हणजे टीएनएफ अडवल्याने आजाराचे मूळ, प्रतिकारशक्तीची चुकीची ओळख, तशीच राहते. तिच्यामुळे सांध्यात पेटणारा दाह मात्र शमतो. रुग्णांमध्ये पुढे जे दिसले, त्याचे हे अचूक पूर्वचित्र होते. त्याच वर्षी आणखी दोन स्वतंत्र गटांनीही कोलॅजेन संधिवातात टीएनएफ अडवून आजार सौम्य होत असल्याचे दाखवले. एकाच प्रयोगशाळेचा निष्कर्ष हाती असणे आणि तीन प्रयोगशाळांचा असणे, यांत फार अंतर आहे.

माणसांपर्यंतचे पाऊल

1992 मध्येच चेरिंग क्रॉस रुग्णालयात 20 रुग्णांवर इन्फ्लिक्सिमॅबची पहिली खुली चाचणी सुरू झाली. हे सर्व रुग्ण नेहमीच्या औषधांना दाद न देणारे होते. सुजलेल्या सांध्यांची मध्यक संख्या सहा आठवड्यांत 18 वरून 5 वर आली. खुल्या चाचणीत रुग्ण व डॉक्टर दोघांनाही काय दिले जात आहे ते ठाऊक असते, आणि संधिवातात आशेचाही परिणाम होतो. म्हणून एवढ्यावर थांबणे योग्य ठरले नसते. पुढची चाचणी 73 रुग्णांवर, चिठ्ठी टाकावी तशी गटवारी करून आणि कोणाला काय मिळाले हे झाकून ठेवून झाली. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, चार आठवड्यांनी सुधारणेचा ठरलेला निकष निष्क्रिय औषधाच्या गटातील 24 पैकी 2 रुग्णांनी, वजनाच्या किलोमागे 1 मिलिग्रॅम मिळालेल्या 25 पैकी 11 रुग्णांनी आणि 10 मिलिग्रॅम मिळालेल्या 24 पैकी 19 रुग्णांनी गाठला.

औषधाचा अंमल ओसरला की आजार मात्र परतत होता. उंदरांतील निरीक्षण आजार सुरू झाल्यानंतर थोडेच दिवस चालल्याने हे तेथे दिसले नव्हते; तरी कोलॅजेनविरोधी प्रतिपिंड कायम राहिल्याची नोंद आठवली, तर ते अनपेक्षितही नव्हते. येथे गट पुन्हा उंदराकडे वळला. टीएनएफविरोधी प्रतिपिंडासोबत टी-पेशींवर (प्रतिकारशक्तीला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) काम करणारा सीडी4-विरोधी प्रतिपिंड दिल्यास दोहोंचा एकत्रित परिणाम अधिक चांगला होतो, असे कोलॅजेन संधिवातात दिसले. रुग्णांत मात्र सीडी4-विरोधी प्रतिपिंडाऐवजी मेथोट्रेक्सेट हे परिचयाचे औषध जोडीला घेतले गेले, आणि 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या जोडीने, विशेषतः इन्फ्लिक्सिमॅबच्या कमी मात्रेत, परिणाम अधिक काळ टिकल्याचे दिसले. प्राण्याकडून तत्त्व घेतले, औषध मात्र माणसाच्या अनुभवातून निवडले. हा समंजस व्यवहार मला या प्रकरणातील फारसा न सांगितला गेलेला, पण सर्वांत अनुकरणीय भाग वाटतो.

निष्पत्ती

अमेरिकेत संधिवातासाठी इटानरसेप्ट या टीएनएफ अडवणाऱ्या दुसऱ्या औषधाला 1998 मध्ये आणि मेथोट्रेक्सेटच्या जोडीने इन्फ्लिक्सिमॅबला 1999 मध्ये मान्यता मिळाली. फेल्डमन आणि मैनी यांना 2003 मध्ये लास्कर पुरस्कार देण्यात आला. ज्यांचे हात वाकडे झाले असते अशा कितीतरी रुग्णांचे सांधे या औषधांनी वाचवले.

त्यानंतर 2001 मध्ये एक गंभीर अहवाल आला. इन्फ्लिक्सिमॅब घेतलेल्या रुग्णांत क्षयरोगाच्या 70 घटना नोंदवल्या गेल्या होत्या. त्यांपैकी 48 रुग्णांना तीन किंवा त्याहून कमी वेळा औषध घेतल्यावरच क्षय झाला होता, आणि निम्म्याहून अधिक रुग्णांचा क्षय फुप्फुसाबाहेर पसरलेला होता. इतक्या लवकर होणारा आणि असा पसरणारा क्षय हा शरीरात वर्षानुवर्षे दबून राहिलेला संसर्ग पुन्हा जागा झाल्याचे लक्षण मानला गेला. क्षयजंतूंना कोंडून ठेवणारी पेशींची गाठ, म्हणजे ग्रॅन्युलोमा, टिकून राहण्यासाठी टीएनएफ लागते, हे त्यामागचे कारण.

वेगळे काय करता आले असते

हे ज्ञान 2001 मध्ये नवे नव्हते, आणि ते उंदरांतूनच आले होते. बीसीजी जंतू टोचलेल्या उंदरांत टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिल्यास ग्रॅन्युलोमा नीट बनत नाहीत, हे 1989 मध्येच प्रसिद्ध झाले होते. ब्रेनन यांचे सांध्याच्या पेशींवरील काम नेमके त्याच वर्षीचे. 1995 मध्ये टीएनएफचा मुख्य ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरील त्याचा संदेश घेणारे प्रथिन) नसलेले उंदीर क्षयाला झपाट्याने बळी पडतात, हेही सिद्ध झाले. संधिवाताचे प्रारूप आणि क्षयाचे प्रारूप अशी दोन्ही प्रारूपे उपलब्ध होती, दोन्हींची उत्तरे विश्वसनीय होती; परंतु ती वेगवेगळ्या विषयांच्या नियतकालिकांत, वेगवेगळ्या तज्ज्ञांपुढे राहिली. कोलॅजेन टोचलेला डीबीए/1 उंदीर रोगजंतूंपासून दूर ठेवलेल्या वातावरणात वाढलेला, तरुण आणि क्षयाचा कोणताही पूर्वसंसर्ग नसलेला असतो. त्याच्याकडे पाहून या धोक्याची चाहूल लागणे शक्यच नव्हते. तो दोष त्या प्रारूपाचा नाही. औषध व्यापक वापरात येण्याआधी, या उपचाराचे लक्ष्य शरीरात आणखी कोणते काम करते आणि त्या कामाविषयी दुसऱ्या प्रारूपांनी काय सांगितले आहे, याचा वेगळा आढावा पूर्वअट म्हणून घेतला गेला असता, तर क्षयाची पूर्वतपासणी अहवाल येण्याची वाट न पाहता सुरू होऊ शकली असती. महाराष्ट्रासारख्या प्रदेशात, जेथे दबलेल्या क्षयसंसर्गाचे प्रमाण मोठे आहे, ही बाब विशेष गंभीर होती. आज येथील संधिवाततज्ज्ञ ही औषधे सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि दबलेला क्षयसंसर्ग शोधणारी मान्टू (त्वचेवरील) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी करून घेतात आणि संसर्ग आढळल्यास आधी त्यावर उपचार देतात.

दुसरा मुद्दा एकाच प्रारूपावर किती भिस्त ठेवावी याचा. याच कोलॅजेन संधिवातात इंटरल्यूकिन-1 अडवण्याचा परिणाम अत्यंत प्रभावी दिसला होता, विशेषतः कूर्चेच्या रक्षणात. माणसात मात्र इंटरल्यूकिन-1 अडवणारे अ‍ॅनाकिनरा टीएनएफविरोधी औषधांच्या तुलनेत सौम्यच ठरले. म्हणजे लंडनच्या गटाने फक्त उंदराच्या आधारावर लक्ष्य निवडले असते, तर ते इंटरल्यूकिन-1 कडे वळण्याचीही तितकीच शक्यता होती. मज्जासंस्थेच्या मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात तर याहूनही वाईट अनुभव आला : उंदरातील प्रारूपात टीएनएफ अडवणे उपयोगी दिसले, रुग्णांत मात्र टीएनएफ अडवणाऱ्या लेनरसेप्टमुळे आजाराचे झटके वाढले. लंडनच्या गटाला योग्य दिशा मिळाली ती रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरातून. उंदराने तिची परीक्षा घेतली. हा क्रम उलटा करून आधी प्रारूप आणि मग त्यात काय चालते ते शोधणे, ही सवय आपल्या अनेक प्रयोगशाळांत आजही दिसते आणि ती प्राण्यांच्या जिवाच्या दृष्टीनेही महाग पडते.

तिसरा मुद्दा प्राण्यांच्या वेदनेचा. सुजलेल्या पंजांवर उंदराला चालावे लागते, वर ठेवलेल्या अन्नापर्यंत उभे राहता येत नाही. दाहशामक वेदनानाशके दिली तर मोजायची सूजच बदलते, म्हणून ती टाळली जातात. परंतु जाड व मऊ गादी, पिंजऱ्याच्या तळाशी ठेवलेले ओलसर अन्न, आणि ठरावीक गुणांच्या पुढे आजार गेल्यास प्राण्याला प्रयोगातून काढण्याची आधीच लिहून ठेवलेली मर्यादा, यांपैकी कशानेही निष्कर्ष बिघडत नाही. भारतात प्रत्येक प्रस्ताव संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीपुढे जातो. संधिवाताचा प्रस्ताव तपासताना समितीने उंदरांची संख्या आणि भुलीचे औषध विचारून थांबू नये. औषध आजाराआधी देणार की नंतर, नरच का घेतले, तुलनेच्या गटाला नेमके काय देणार, सूज मोजणाऱ्याला गट माहीत असणार का, आणि या लक्ष्याविषयी मानवी ऊतीतून कोणता पुरावा हाती आहे, हे प्रश्नही तिने विचारावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर रिकामे असेल, तर तो प्रस्ताव परत पाठवून आधी शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाशी ऊतीच्या नमुन्यांसाठी करार करण्यास सांगणे हे समितीच्या अधिकारात बसते.